पुरावा कोणी द्यावा?

१३०० डॉलर ही रक्कम अमेरिकेसारख्या संपन्न देशात मोठी म्हणता यावयाची नाही. तथापि ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागातील कितीतरी नवाहो तरुण-तरुणींचे भवितव्य याच आकड्याशी बांधले गेले. सरकारने ज्यांना घरादारावरून उठविले त्यांना सरकारनेच त्याबदली घर द्यावे, असा कायदा होता. परंतु ते घर 'कुटुंबप्रमुखा'लाच मिळावयाचे होते. ज्याचे लग्न झालेले नाही व ज्याला मूलबाळ नाही, त्याने कुटुंबप्रमुख ठरण्यासाठी ठराविक मुदतीपूर्वी आपण एका वर्षात निदान १३०० डॉलर मिळवून स्वतःच्या पायावर उभे होतो, हे सिद्ध करावयाचे. घरच्या मेंढ्या राखणारा मुलगा, आजीच्या मागावर कांबळी विणणारी मुलगी, शेजाऱ्याच्या गोठ्याची डागडुजी करून रोख मजुरी घेणारा तरुण, यांच्याजवळ पगाराची पावती कोठून असणार? पावती नाही म्हणून कमाई नाही, कमाई नाही म्हणून कुटुंब नाही, आणि कुटुंब नाही म्हणून घर नाही, असा कचेरीचा हिशेब होता.

कायद्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसास या हिशेबात बेरीज-वजाबाकीची चूक सापडणार नाही, इतका तो व्यवस्थित आहे. म्हणूनच त्याविषयी लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. उघड जुलूम ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही. पण व्याख्या, मुदत, अर्जाचा नमुना आणि पुराव्याचा भार या चार गोष्टींच्या आडून जो अन्याय होतो, तो ज्याच्यावर होतो त्यालाही पुष्कळदा आपलीच चूक वाटतो. नवाहो व होपी या दोन समाजांच्या स्थलांतराचा जो कारभार अमेरिकन सरकारने १९७४ पासून चालविला, त्याचे मर्म या चार गोष्टींत आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम हे लोक कोण ते सांगितले पाहिजे. होपी हे शेतकरी. उंच पठारांच्या सोंडांवर दगडी घरांची त्यांची गावे आहेत व खालच्या वाळवंटी जमिनीत ते मका पिकवितात. त्यांचे ओराइबी हे गाव आठ-नऊशे वर्षे सतत वसलेले असून अमेरिकेतील सर्वांत जुन्या वसत्यांत त्याची गणना होते. नवाहो स्वतःस 'दिने' म्हणवितात. ते मेंढपाळ. त्यांचे कूळ आईकडून चालते, मेंढ्यांची मालकी बहुधा स्त्रियांकडे असते, आणि लग्नानंतर जावई पुष्कळदा सासुरवाडीस राहावयास येतो. लाकूड-मातीच्या त्यांच्या घरास 'होगान' म्हणतात. त्याचे दार पूर्वेस असते. मूल जन्मले की त्याची नाळ घराजवळ, मेंढ्यांच्या वाड्याजवळ, पुरावयाची रीत आहे. त्या मुलाचे त्या जागेशी नाते जडले ते कायमचे, असा त्यांचा भाव.

आता 'राखीव' या शब्दाविषयी. आपल्याकडे राखीव म्हटले की शिक्षणातील, नोकरीतील व कायदेमंडळातील जागा डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या बाबतीत हा शब्द जमिनीला लागतो. त्यांच्याच अफाट भूमीतून एक तुकडा कापून त्यांच्यासाठी वेगळा ठेवावयाचा, त्यास राखीव प्रदेश म्हणतात. त्या तुकड्याची कायदेशीर मालकीही सामान्यतः त्यांच्याकडे नसते. ती संघराज्य सरकारकडे असते व सरकार ती त्यांच्या हितासाठी विश्वस्त म्हणून धारण करते. 'विश्वस्त' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे आपणांस त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

१८६४ साली अमेरिकन सैन्याने नवाहोंची शेते-बागा उद्ध्वस्त करून त्यांना न्यू मेक्सिकोतील बॉस्क रेडोंडो येथे पायी चालवीत नेले. आठ हजारांवर माणसे तेथे चार वर्षे डांबली गेली. १८६८ च्या तहाने त्यांना परत जाऊ दिले, परंतु तहात नेमून दिलेला प्रदेश त्यांच्या मूळ वावरापेक्षा पुष्कळ लहान होता. मेंढ्यांना तहाची रेघ कळत नाही. गवत असेल तिकडे कळप गेले व कळपामागे माणसे गेली.

त्यानंतर १६ डिसेंबर १८८२ रोजी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी एक हुकूम काढला. होपींच्या गावांभोवती अक्षांशाच्या एका अंशाइतका लांब व रेखांशाच्या एका अंशाइतका रुंद असा एक आयत नकाशावर आखण्यात आला. तो सुमारे २५ लाख एकरांचा होता. त्याचे कारण ऐकून वाचकांस नवल वाटेल. होपींची नेमणूक ज्याच्याकडे होती त्या फ्लेमिंग नावाच्या सरकारी अधिकाऱ्यास आपल्या कामात लुडबुड करणाऱ्या दोन गोऱ्या माणसांना हाकलून लावावयाचे होते, आणि राखीव प्रदेश घोषित झाल्याखेरीज त्यास तसा अधिकार नव्हता. आपल्या आयताच्या आत कोण राहतो, कोणाचे झरे कोठे आहेत, कोणाची कुरणे कोठवर पोहोचतात, याची चौकशी करून त्या सीमा ठरल्या नव्हत्या. आणि हुकुमाची भाषा अशी की हा प्रदेश होपींसाठी राहील, तसेच अंतर्गत खात्याचे मंत्री तेथे वसविणे योग्य समजतील अशा अन्य इंडियनांसाठीही राहील.

भांडणाचे बी त्या 'तसेच'मध्ये होते. त्या वेळी आयताच्या आत सुमारे १८०० होपी व ३०० नवाहो राहत होते. १९५८ पर्यंत तेथील नवाहोंची संख्या अंदाजे ८८०० झाली. या ७६ वर्षांत एकाही मंत्र्याने 'आम्ही नवाहोंना येथे वसवीत आहोत' असा स्पष्ट हुकूम लिहिला नाही, आणि 'येथून निघून जा' असेही त्यांना परिणामकारकपणे सांगितले नाही. १९४३ साली होपींच्या एकट्यांच्या वापरासाठी सुमारे ६ लाख ३१ हजार एकरांचा चराई विभाग आखण्यात आला. त्या रेघेच्या आतील नवाहो कुटुंबांना निघावे लागले, आणि रेघेबाहेरच्या तीन-चतुर्थांश प्रदेशात होपींना व्यवहारात थारा उरला नाही. होपींची तक्रार खोटी नव्हती, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. ज्यांच्या नावाने हुकूम निघाला, त्यांच्याच पदरी त्यातला लहानसा तुकडा उरला. या प्रकरणात नवाहोंची कणव घेताना होपींना खलनायक ठरविण्याची चूक पुष्कळांनी केली आहे. आम्ही ती करू इच्छीत नाही.

शेवटी १९५८ साली काँग्रेसने (म्हणजे तेथील संसदेने, आपल्याकडील पक्षाशी तिचा संबंध नाही) दोन्ही समाजांना एकमेकांविरुद्ध दावा लावण्याची मुभा देणारा कायदा केला. होपी मंडळाचे अध्यक्ष ड्यूई हीलिंग आणि नवाहो मंडळाचे अध्यक्ष पॉल जोन्स यांच्या नावाने तो खटला चालला. तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने १९६२ साली निकाल दिला की १९४३ चा चराई विभाग एकट्या होपींचा. उरलेल्या सुमारे १८ लाख एकरांवर मात्र दोघांचा समान व अविभक्त हक्क. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

या निकालातील एक मुद्दा विशेष पाहण्यासारखा आहे. मंत्र्याचा स्पष्ट हुकूम नसताना नवाहोंचा हक्क कोठून आला? न्यायालयाने सांगितले की खात्याने वर्षानुवर्षे जे केले व जे होऊ दिले, त्यावरून मंत्र्याने त्यांना तेथे वसविले असा अर्थ निघतो. निकाल न्यायाला धरून होता, असेच आम्ही म्हणू. माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत ही गोष्ट नाकारून चालले नसते. परंतु वाचकांनी हेही पाहावे की सरकारच्या बाबतीत लेखी हुकूम नसला तरी नुसत्या आचरणावरून त्याची इच्छा सिद्ध झाली. पुढे याच सरकारच्या कचेरीत जेव्हा एखादी नवाहो स्त्री 'मी येथेच राहत होते' असे सांगू लागली, तेव्हा तिच्या आचरणाला ती किंमत मिळाली नाही. तिला कागद मागण्यात आला.

२२ डिसेंबर १९७४ रोजी नवाहो-होपी जमीन निकाली काढण्याचा कायदा झाला. त्या १८ लाख एकरांची वाटणी करावी, मध्ये कुंपण घालावे आणि कुंपणाच्या चुकीच्या बाजूस सापडलेल्या माणसांना हलवावे, अशी त्याची योजना होती. हलविण्याच्या कामासाठी तीन सदस्यांचा स्थलांतर आयोग नेमला गेला व फ्लॅगस्टाफ येथे त्याची कचेरी उघडली. कायदा करणाऱ्यांचा अंदाज हजाराच्या आसपास कुटुंबांचा व सुमारे चार कोटी डॉलर खर्चाचा होता. प्रत्यक्षात साडेतीन हजारांहून अधिक कुटुंबे हलविली गेली आणि खर्च ५० कोटींच्या पलीकडे गेला. होपींपैकी सुमारे शंभर माणसांना उठावे लागले. नवाहोंपैकी दहा हजारांहून अधिक.

ह्या कायद्यात एक कलम आहे ते वाचून आम्ही क्षणभर थबकलो. वाटणी केवळ जमिनीच्या पृष्ठभागाची होईल; खालचा कोळसा, तेल, वायू व इतर खनिजे यांची मालकी दोन्ही समाजांची पूर्ववत सामाईकच राहील. त्या प्रदेशातील ब्लॅक मेसा या पठाराखाली कोळसा आहे, आणि पीबॉडी या कंपनीस त्याचे पट्टे १९६४ व १९६६ साली मिळाले होते. होपी मंडळाचे वकील ज्या काळात त्यांची बाजू मांडत होते, त्याच काळात त्या कंपनीचेही काम पाहत होते, असे त्यांच्याच कागदपत्रांवरून पुढे उघड झाले. आमच्या व्यवसायबंधूविषयी यापेक्षा अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. कोळशासाठीच सारे स्थलांतर घडविले असा पुष्कळांचा आरोप आहे. तो सर्वस्वी सिद्ध झाला असे आम्ही म्हणत नाही. परंतु एक गोष्ट कायद्याच्या शब्दांतच आहे: दोन समाजांनी एकत्र नांदणे अशक्य म्हणून जमीन तोडावी लागली, आणि तिच्याच पोटातील कोळसा मात्र दोघांनी एकत्र बाळगावा असे ठरले.

आता कारभाराकडे वळू. जो कुटुंबप्रमुख पहिल्या वर्षात निघून जाण्याचा करार करील त्यास ५००० डॉलर बक्षीस. दुसऱ्या वर्षी ४०००, तिसऱ्या वर्षी ३०००, चौथ्या वर्षी २०००. घराची किंमत वेगळी: तिघांपर्यंतच्या कुटुंबास प्रारंभी १७ हजार डॉलरपर्यंत व त्याहून मोठ्या कुटुंबास २५ हजारांपर्यंत. विचार करणारास विचार करण्याचा दंड व्हावा, अशी ही उतरती भाजणी होती. जे लवकर निघाले त्यांच्यासाठी राखीव प्रदेशात जागा नव्हती, म्हणून पुष्कळांना आजूबाजूच्या शहरांत घरे घेऊन दिली. ज्यांनी जन्मात घरपट्टी भरली नव्हती, विजेचे बिल पाहिले नव्हते, गहाणखत म्हणजे काय हे ज्यांना इंग्रजीत समजावून सांगणारा कोणी नव्हता, अशा वृद्ध माणसांच्या नावे एकाएकी विकता येण्याजोगे घर झाले. मेंढ्या गेल्या होत्या, नोकरी नव्हती. कर्ज देणारे दारात आले, आणि थोड्याच वर्षांत त्यांतील कितीतरी घरे सावकारांच्या व दलालांच्या हाती गेली. गहाणखताची गोष्ट आपल्या वाचकांस समजावून सांगावी लागणार नाही.

पात्रतेचा प्रश्न याहून बिकट होता. घर मिळण्यासाठी अर्जदार २२ डिसेंबर १९७४ या दिवशी त्या जमिनीचा कायदेशीर रहिवासी असला पाहिजे, आणि ७ जुलै १९८६ पर्यंत कुटुंबप्रमुख झालेला असला पाहिजे. दोन्ही गोष्टी सिद्ध करण्याचा भार नियमानेच अर्जदारावर टाकलेला होता. आता मेंढपाळाचे राहणे कसे असते ते पाहा. हिवाळ्यात एक मुक्काम, उन्हाळ्यात दुसरा. मुले सरकारी वसतिगृहाच्या शाळेत. बाप रेल्वेच्या रुळांच्या कामावर महिनोन्‌महिने दूर. १९७२ सालच्या न्यायालयीन हुकुमाने त्या सामाईक प्रदेशात नवीन बांधकामावर निर्बंध आले होते. मुलीचे लग्न झाले तरी आईच्या होगानशेजारी तिला दुसरा होगान उभारता येईना. मग नवरा-बायको निघाली कोठे तरी आसऱ्याला, आणि १९७४ चा डिसेंबर उजाडला तेव्हा ती दुसरीकडे होती. कचेरी म्हणणार, तुम्ही त्या तारखेस तेथे राहत नव्हता. बांधण्यास मनाई करणारे सरकार, न बांधल्याचा अर्थ लावणारेही सरकारच.

अशा अर्जदारांच्या सुनावण्या कित्येक दशके चालू राहिल्या. साक्षीदार म्हणून येणार कोण? आजी, मावशी, शेजारचा मेंढपाळ. त्यांना इसवी सन सांगता येत नाही. कोणत्या हिवाळ्यात बर्फ फार पडले, कोणत्या साली मेंढ्या विकाव्या लागल्या, हे त्यांना आठवते. आमच्या न्यायालयांतही अशिक्षित साक्षीदाराला तारीख विचारून गोंधळविण्याची कला पुष्कळ वकिलांनी आत्मसात केली आहे, आणि तरुणपणी ती कला आम्हीही कौतुकाने पाहिली आहे, हे येथे कबूल करतो.

याच सुमारास राखीव प्रदेशाच्या पश्चिम भागातही एक प्रकार चालू होता. १९६६ साली इंडियन कारभार खात्याचे आयुक्त रॉबर्ट बेनेट यांनी दुसऱ्या एका वादग्रस्त टापूत, सुमारे १५ लाख एकरांवर, दोन्ही समाजांच्या संमतीवाचून काहीही बांधू नये असा आदेश काढला. तात्पुरता म्हणून निघालेला हा निर्बंध पूर्णपणे उठण्यास २००९ साल उजाडावे लागले. मधल्या चाळीसांहून अधिक वर्षांत तेथील कुटुंबांना गळके छप्पर नीट करणे वा वीज-पाणी आणणे जवळजवळ अशक्य होऊन बसले. स्थलांतर न करता माणसांना हलविण्याचा हाही एक मार्ग आहे.

वाटणीच्या जमिनीवर कुंपणाचे काम सुरू झाले तेव्हा बिग माउंटन भागातील वृद्ध नवाहो स्त्रिया त्याच्या आड आल्या. त्यांतील रॉबर्टा ब्लॅकगोट यांचे नाव पुढे दूरवर पोहोचले. २००२ साली त्यांचा अंत झाला तोवर त्यांनी ती जमीन सोडली नव्हती. जमिनीवर आमचे धर्मस्थळ आहे असे त्या म्हणत तेव्हा एखादे देऊळ दाखविता येत नसे. झरा, टेकडी, नाळ पुरलेली जागा, पूर्वजांच्या पूजेचे ठिकाण, हेच ते धर्मस्थळ. या मुद्द्यावर या कुटुंबांनी १९८८ साली दावा लावला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातील एका रस्त्याच्या खटल्यात ठरविले होते की सरकार स्वतःच्या जमिनीचा वापर करीत असताना कोणाच्या धर्माचरणास त्यामुळे कितीही बाध आला, तरी घटनेने दिलेल्या धर्मस्वातंत्र्याचा भंग होत नाही. त्याच आधारावर १९८९ साली नवाहोंचा धर्मविषयक दावा फेटाळला गेला.

आपल्या वाचकांनी स्वतः विचार करून धर्म स्वीकारला आहे. त्यांना एका टेकडीशी जखडलेला धर्म परका वाटेल, आणि टेकडी सोडल्याने धर्म बुडतो हे मत मान्य करण्याचे आपणांस कारणही नाही. पण त्या मताचा खरेखोटेपणा हा येथे प्रश्नच नाही. धर्म सोडावयाचा असेल तर तो माणसाने आपल्या बुद्धीने सोडावा; सरकारी कुंपणाच्या तारेने तो त्याच्यापासून तोडला जाऊ नये. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाचा आशय ज्यांनी आयुष्यात प्रत्यक्ष अनुभवला आहे, त्यांना एवढे सांगणे पुरे.

आयोगाच्या चुकांची जाणीव काँग्रेसला झालीच नाही असे म्हणता येणार नाही. १९८० च्या दुरुस्तीने चार लाख एकरांपर्यंत नवी जमीन देण्याची तरतूद झाली व वृद्धांपैकी काहींना हयातीपुरते मूळ जागी राहू देण्याची सोयही निघाली. नवी जमीन मुख्यतः सँडर्स या गावाजवळ, पुएर्को नदीच्या काठी निवडली गेली. त्या नदीत वरच्या अंगाला, चर्च रॉक येथे, १६ जुलै १९७९ रोजी युरेनियमच्या गिरणीचा बंधारा फुटून ९ कोटी गॅलनांहून अधिक किरणोत्सारी सांडपाणी वाहून गेले होते. पाण्यावर जगणाऱ्या मेंढपाळास त्या काठी जा म्हणून सांगताना ते सांगणाऱ्याची जीभ अडखळली असेल काय, हे आम्हांस ठाऊक नाही.

स्थलांतर पुरे करण्याची मुदत १९८६ च्या जुलैत संपली. पुष्कळ कुटुंबे तेथेच होती. बळाने काढण्याची वेळ येणार अशी भीती होती; ती टळली ती खर्चाच्या विधेयकातील एका अटीमुळे. ३० नोव्हेंबर १९८५ रोजी होपींच्या वाटणीच्या जमिनीवर प्रत्यक्ष राहणाऱ्या कोणाही नवाहोला, त्याला नवे घर उपलब्ध करून दिल्याखेरीज, बाहेर काढण्यासाठी हा पैसा वापरू नये, असे तीत लिहिले होते, आणि पुढेही वर्षामागून वर्षे ती अट विधेयकात येत राहिली. मोठमोठ्या घोषणांपेक्षा अंदाजपत्रकातील एक ओळ कधी कधी अधिक माणसांचे रक्षण करते, हे चळवळीतील कार्यकर्त्यांनी टिपून ठेवण्याजोगे आहे.

१९८८ साली आयोग जाऊन त्याच्या जागी एका आयुक्ताची कचेरी आली. १९९६ च्या कायद्याने मागे राहिलेल्या कुटुंबांना होपी समाजाकडून ७५ वर्षांचा भाडेपट्टा घेण्याची वाट मोकळी झाली. घराभोवती तीन एकर, शेतीस दहा एकर, आणि मेंढ्या होपी मंडळाच्या परवान्याने. बहुतेकांनी सह्या केल्या. काहींनी केल्या नाहीत. ज्या जागी आपली नाळ पुरली आहे तेथे भाडेकरू म्हणून राहण्याची सही करणे त्यांना अवघड वाटले. आणि दुसऱ्या बाजूने पाहता, न्यायालयाने आपली ठरविलेली जमीन होपींनी भाड्याने का होईना पण सोडली, ही त्यांचीही लहान देणगी नव्हती.

येथे 'विश्वस्त' शब्दाकडे परत येऊ. विश्वस्ताविषयी कायद्याचा साधा सिद्धान्त सर्वत्र एकच आहे. हिशेब विश्वस्ताने ठेवावयाचा, लाभार्थी कोण ते विश्वस्ताने शोधावयाचे, आणि त्याचा हक्क त्याला विश्वस्तानेच कळवावयाचा. अज्ञान पोराची मिळकत सांभाळणाऱ्या पालकाने पोर मोठे झाल्यावर 'तू अर्ज केला नाहीस' असे म्हटले, तर कोणते न्यायालय ते ऐकून घेईल? तरी हेच उत्तर सरकारची कचेरी अनेक वर्षे देत होती. १९८६ ची मुदत हुकली म्हणून माणसे परत पाठविली जात होती. २००८ साली ॲरिझोनातील संघीय न्यायालयाने अखेर ठरविले की जो लाभास पात्र असू शकतो असे कचेरीस कळण्याजोगे होते, त्यास तसे कळविणे हे तिचे विश्वस्त या नात्याने कर्तव्य होते व ते तिने पाळले नाही. त्यानंतर अर्जांची खिडकी ३१ ऑगस्ट २०१० पर्यंत पुन्हा उघडली गेली. पण खिडकी उघडल्याने पुराव्याचा भार हलला नाही. १९७४ साली आपण कोठे निजत होतो, हे ३५ वर्षांनंतर अर्जदारानेच सिद्ध करावयाचे राहिले. आणि तोवर आजी व मावशी मरून गेल्या होत्या.

आमचे म्हणणे इतकेच आहे की हा भार उलट बाजूस असावयास हवा होता. ज्या सरकारने आयत आखला, ७६ वर्षे मौन पाळले, बांधकाम थांबविले, मेंढ्या मोजून मोजून कमी केल्या व शेवटी कुंपण घातले, त्याच्याकडेच त्या प्रदेशाची सर्वांत तपशीलवार माहिती होती. मेंढ्यांच्या मोजणीसाठी त्याचे नोकर दारोदार फिरले होते. अर्जदार तेथला नव्हता असे ज्यास म्हणावयाचे असेल, त्याने ते आपल्या कागदांवरून दाखवावे. दाखविता येत नसेल तर अर्जदाराची व त्याच्या आप्तांची शपथ पुरी समजावी. असे केल्याने दहा-वीस खोटे अर्ज मंजूर झाले असते असा आक्षेप येईल. झाले असते. परंतु खोट्या अर्जदाराला मिळालेल्या घराची किंमत सरकारला सोसते. खऱ्या अर्जदाराला न मिळालेल्या घराची किंमत त्याला सोसत नाही.

हे सर्व घडणार आहे हे कोणी आधी सांगितले नव्हते असेही नाही. थेयर स्कडर नावाच्या मानवशास्त्रज्ञाने आफ्रिकेत झांबेझी नदीवरील करीबा धरणामुळे उठलेल्या ५७ हजार टोंगा लोकांचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. नवाहोंच्या स्थलांतराने काय होईल ते त्याने १९७९ साली सांगितले, व काय झाले ते १९८२ साली पुस्तकरूपाने मांडले: जबरीने हललेली माणसे आजारी पडतात, कर्जात बुडतात, त्यांची घरे मोडतात, आणि वृद्ध लवकर जातात. हाच गृहस्थ १९८३ साली जागतिक बँकेच्या वतीने नर्मदेच्या सरदार सरोवराखाली जाणाऱ्या गावांचे पुनर्वसन पाहावयास आपल्या देशात आला होता. त्या धरणाखाली महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे येत होती. तेथील भिल्ल-पावरा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जे शेत कसत होती, त्याचा सातबारा त्यांच्या नावे नव्हता म्हणून कागदावर ती अतिक्रमण करणारी ठरली. नर्मदा लवादाने १९७९ साली सज्ञान मुलास वेगळे कुटुंब मानले. सज्ञान मुलीस मानले नाही. फ्लॅगस्टाफच्या कचेरीत जे १३०० डॉलर होते, ते नर्मदेच्या काठी सातबाऱ्याचा उतारा आणि मुलाचे मुलगा असणे, या रूपाने हजर झाले. दोन्ही ठिकाणी माणसाला प्रथम कागदावर शोधले गेले, आणि तेथे तो सापडला नाही तेव्हा त्याला नाही असे ठरविण्यात आले.

२०१८ साली अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कचेरीने स्थलांतर कचेरीचा कारभार तपासला. त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर काम आटोपण्याचा बेत होता. परंतु प्रलंबित अपिले, चराईचे परवाने, नव्या जमिनीवरील पट्टे व इमारती कोणाकडे जाणार याची नीट योजना झालेली नाही, असा तिचा अभिप्राय पडला. त्या सप्टेंबरात ती कचेरी बंद झाली नाही. ती बंद होईल त्या वेळी तिच्या हजारो फायलींचे काय करावे, याविषयी आमची एक सूचना आहे. त्या फायलींत मंजूर अर्ज आहेत तसे नामंजूर अर्जही आहेत. त्यांत आज्या-मावश्यांच्या साक्षी लिहिलेल्या आहेत: कोणत्या झऱ्याजवळ कोणाचा होगान होता, कोणाच्या किती मेंढ्या होत्या, कोण कोणत्या हिवाळ्यात तेथे होते. पात्रता नाकारण्यासाठी ज्या साक्षी अपुऱ्या ठरविल्या, त्या मिळून त्या प्रदेशाचा सर्वांत मोठा जमीन-महसुली दप्तरखाना झालेल्या आहेत. तो वॉशिंग्टनच्या तळघरात जाऊ नये. कुटुंबाची फाईल त्या कुटुंबाच्या हाती द्यावी, आणि नामंजूर फायलींवर कारण कोणते लिहिले आहे ते त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे.